शुभेच्छुकांची रांग

चौसाळ्याच्या फाट्यावर वर्षाराणी जीपमधून उतरली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवस फोन का वाजला नाही, ते समोरच दिसत होतं. तिच्या भिंतीवर मोहनराव उभे होते.

खरे मोहनराव नव्हेत, फ्लेक्सवरचे. वीस फुटी, हात जोडलेले, मागं उगवता सूर्य. ‘कार्यसम्राट मोहनरावदादा यांना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा!’ खाली शुभेच्छुकांची रांग. अकरा जण, आणि अकराही जणांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. या सगळ्या थाटाखाली वर्षाराणीची जाहिरात गाडली गेली होती.

भिंत धोंडीरामच्या किराणा गोदामाची. “फुकट देतो, पण चुना तू मारायचा,” म्हणाला होता तो. तिनं दोन हात चुना मारला. मग तीन दिवस उन्हात उभं राहून स्वतः ब्रशनं लिहिलं, ‘रुखवत करून मिळेल. शेवया-कुरडयांचा बंगला, सुपारीचे नवरा-नवरी, सगळं हाताचं.’ खाली वेबसाइटचं नाव आणि सगळ्यात खाली टपोऱ्या लाल आकड्यांत मोबाईल नंबर. वेबसाइट काढून सहा महिने झाले होते आणि ती उघडून बघणारी माणसं दोनच होती. एक ती बनवून देणारी भाची वैष्णवी, दुसरी स्वतः वर्षाराणी. भिंत रंगवली तशी चार दिवसांत तीन लग्नांची रुखवतं ठरली, दोन केजची, एक शिरूर कासारचं. एसटीची वाट बघणारा माणूस दुसरं करतो काय? समोरची भिंत वाचतो. आता तुळशीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. वर्षभराची रुखवतं ठरायची ती याच दिवसांत, आणि हिच्या नंबरावर चष्मेवाले!

“धोंडीरामभाऊ! कुणाला इचारून लावलं हे?”

धोंडीराम गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. “माझ्यावर कावून वरडती? तुह्या नवऱ्यानंच सांगितलं, भिंत आमचीच हाय, ठोका खिळे.”

तिनं पुन्हा रांगेकडं बघितलं. डावीकडून नववा हनुमान होता. तिचा नवरा. कानाला मोबाईल, ओठ दाबलेले, जसा काही मंत्रालयातूनच फोन आलाय. खाली लिहिलेलं, ‘युवा नेते’. चाळिशी उलटून गेली आणि म्हणे युवा! चुना मारायला चल म्हटलं तेव्हा याच युवा नेत्याची कंबर धरली होती.

खरा हनुमान चहाच्या टपरीवरून धावत आला.

“अगं, हळू बोल, लोकं बघायलेत. दादांनी सोता इचारलं, मोक्याची जागा कुठं हाय म्हून. मी म्हटलं, आपली भिंत घ्या. लई खूश झाले!”

“आन् माझ्या ऑर्डरी?”

“वाढदिवस झाला की काढतो की.”

“गेल्या सालच्या दिवाळीचा काढला का? वाऱ्यानं फाटल्याबगर तुमचा एक तरी फ्लेक्स खाली आलाय का आजवर?”

“हे बघ,” त्यानं आवाज खाली आणला, “दादांच्या फोटूला हात लावशील तर गावात ऱ्हाणं मुश्कील व्हईल. आधीच सांगून ठेवतो.”

मोहनरावांचा राग नव्हताच तिला. त्यांना ही भिंत कुठं आहे हेही ठाऊक नसेल. राग होता या माणसाचा. बायकोनं चुना मारायचा, बायकोनं लिहायचं, आणि मोठ्या माणसापुढं छाती फुगवून ‘आपली’ म्हणायचं यानं! एवढी चीड तिला आजवर कुणाची आली नव्हती.

तिनं टपरीपुढचं बाकडं ओढत भिंतीपाशी नेलं. केळीवाल्याच्या गाड्यावरची सुरी उचलली.

“अगं ए! येडी झाली का? दादांना...”

“दादांना कोण हात लावतंय?” ती बाकड्यावर चढली. “मी माझा नवरा काढती. त्याला कुणाची परमिशन लागती का?”

तिनं नवव्या फोटोच्या चारी बाजूंनी सुरी ओढली. हनुमान चष्म्यासकट खाली धुळीत पडला. एसटीची वाट बघत बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. खऱ्या हनुमाननं घाईघाईनं वाकून आपला फोटो उचलला आणि शर्टाला पुसला.

भोकातून पांढरा चुना दिसत होता आणि त्यावर तीन लाल आकडे. नंबरातले मधले तीन. वर्षाराणी त्यांच्याकडं बघत राहिली. तीन आकड्यांवर कुणाला फोन लागतो? पलीकडं उभ्या असलेल्या दादांच्या माणसांपैकी दोघं-तिघं तोवर रस्ता ओलांडून येत होते.

बायकांमधून एक म्हातारी उठली. दगडाबाई, फाट्यावर शेंगा विकणारी. टोपली तिथंच ठेवून ती बाकड्यापाशी आली आणि तिनं भोकाशेजारचा दहावा फोटो मान वर करून नीट बघितला.

“ह्यो माझा ल्योक हाय,” ती म्हणाली. “पाच वर्सं झाली, घरची शेळी सोडायला उठत न्हाई, आन् दादांच्या गाडीमागं पळतंय.”

तिनं हात वर केला.

“सुरी दे इकडं. ह्याला मीच काढती.”