महिन्याला एक

ऑक्सिजन यंत्रांच्या दुरुस्तीची ती पुस्तिका ठिकठिकाणच्या जाणकारांनी हौसेने, फुकटात लिहिली होती. कुणीही साइटवर वाचावी, कुणीही फाइल उतरवून घ्यावी. यंदा साइटच्या प्रमुखांनी आकडे चाळले, नाक मुरडलं आणि ती फाइलच काढून टाकली. "आता सगळं फक्त साइटवर, रोज ताजं. शिळं कोण बांधून देत बसणार?" बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

आठवड्याभरात प्रमुखांना डोंगरातल्या यंत्रदुरुस्तीवाल्या बाईंचा फोन आला.

"दादा, फाइल कुठे गेली हो? वर नवं यंत्र बंद पडलंय, पेशंटचा जीव टांगणीला लागलाय."

"ताई, जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे! अहो, महिन्याला एक, मोजून एक माणूस ती फाइल उतरवून घेत होता. त्या एका दीडशहाण्यासाठी आम्ही का मरमर राबायचं?"





"ती दीडशहाणी मीच, दादा. महिन्यातून एकदा रेंजमध्ये उतरते, फाइल घेते, आणि जिथं नेटचा पत्ता नाही अशा सदुसष्ट दवाखान्यांत पेनड्राइव्हवर पोचवते."