आसरांचं पाणी

सर्जेरावानं आपल्या बांधावर काठी आडवी धरली. "काकू, उसात पाय घालायचा न्हाई."

"उसात कोण चाललंय?" तुळजाबाई म्हणाली. "आम्ही पाण्याला चाललोत. सून सव्वा महिन्याची बाळंतीण हाय. लेकराच्या ओठाला आसरांचं पाणी लावायचं हाय."

"पाणथळीत पाणी कुठं राह्यलं आता? चर खांदून सगळं गोदावरीत काढून दिलं. तुमच्या आसराबी कारखान्याच्या मेंबर झाल्या आसतील. ऊस लावून बसल्या आसतील कुठंतरी."

उषा लेकीला पदराआड घेऊन उभी होती. तिच्या लग्नाची बैलगाडी याच पाणथळीला कोसभर वळसा घालून आली होती. आता नजर पोचेल तिथवर ऊस, नि त्याच्यावर कारखान्याचा धूर.

"जायचं तर चरावर जा," सर्जेरावानं काठीनं दाखवलं. "पाणी ते पाणी."

चरातून कारखान्याचं सांडपाणी वाहत होतं. गुळवणीच्या रंगाचं, वर फेस, मळीचा उग्र वास. तुळजाबाईनं नाकाला पदर लावला नाही. देवाचं काम होतं. तिनं काठावर साती आसरांचे, पाण्यातल्या त्या सात देवींचे, सात गोटे मांडले. हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला. मग चरात बोट बुडवून लेकराच्या ओठाकडं नेलं.

उषानं लेकीच्या तोंडावर तळहात धरला.

सर्जेराव बांधावर बसून कॅनमधलं पाणी पीत होता. उषा त्याला म्हणाली, "भाऊजी, त्यातलं थेंबभर द्या."

"हे प्यायचं हाय, वैनी. तीर्थपुरीहून आणावं लागतंय." त्यानं झाकण फिरवून घट्ट केलं.

"हात काढ," तुळजाबाई सुनेला म्हणाली. "आसरा कोपल्या की लेकरू नेतात. दोन पुरलेत म्या ह्या हातानं."

उषानं हात काढला नाही. तळव्याला लेकीचा ऊन ऊन श्वास लागत होता.

"आत्याबाई, त्यायला कोपायचंच असतं, तर हा ऊस उभा राह्यला असता का?"

तुळजाबाईचं बोट तसंच राहिलं. टोकाचा थेंब मातीत पडला. मग तिनं बोट लुगड्याला पुसलं, खाली बसली आणि कुंकवासकट एकेक गोटा उचलून ओच्यात घालू लागली.

"झाली का पूजा, काकू?" सर्जेरावानं विचारलं.

"ह्यायला घरी घेऊन चालले," ती वर न बघता म्हणाली. "हितं काय प्यायचं ह्यांनी?"