लाल ठिपका

बकुळ वक्तृत्व स्पर्धेचं भाषण घोकत होती. "अमेरिकेत गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा; तहान मात्र एकच!" आजीने पदराने डोळे टिपले. "माणसं होती की राक्षस!" तेवढ्यात काशीतल्या दुर्गाघाटाची गल्ली झाडून फूलमती दाराशी टेकली. "दीदी, तनी पानी पिया दा." पदर डोळ्यांना लावूनच आजी सुनेला म्हणाली, "हिमानी, लाल ठिपक्याचा पेला घे हं." हिमानीने कपाळावर हात मारला. धाकट्या बाळाला निजवून तिनेच लेकीला हे भाषण लिहून दिलं होतं, ते सासूबाईंच्या कानी पडावं म्हणूनच! तिने खिडकीतला वेगळा पेला उचलला, तळाचा नेलपॉलिशचा ठिपका नखाने खरवडला, फूलमतीला पाणी दिलं, पेला घासला आणि घरातल्या अकरा पेल्यांत मिसळला. "अगं, आता तो ओळखायचा कसा?" आजी हबकली. हिमानीने त्यातलाच एक भरून पुढे केला. "रडून घसा सुकला असेल, आई. पाणी घ्या."