नवं मशीन आणि मित्राची बदली

हे लिहिणारच नव्हतो. पण डोकं फिरलंय.

लष्कराच्या उपग्रहाच्या सिग्नलमध्ये कोणी घुसतंय का, यावर आमच्या खोलीतून नजर ठेवतात. तिथलं जुनं मशीन फक्त माझ्या मित्राला झेपतं. नवं बसलं की जुनं बंद, आणि त्याची घराजवळ बदली. वहिनींना नववा महिना लागलाय. म्हणून मीच मरमर करून नवं बसवलं, आणि नॉर्मल सिग्नल कसा दिसतो ते कळावं म्हणून जुन्याची सगळी रेकॉर्डिंग वापरून त्याला शिकवलं.

आज जुनं बंद केलं, तर सिग्नलमध्ये कोणी घुसलंय म्हणून नवं बोंबलायलाच लागलं. शोधून शोधून कळलं, जुनं मशीन लाइनवर स्वतःचीच बारीक घरघर सोडायचं. नव्याला वाटतं, घरघर आहे म्हणजे सगळं नॉर्मल. जुनं परत चालू केलं, लगेच गप्प.

साहेब खूश. "झालं की मग. नवं चालावं म्हणून जुनं चालू ठेवा. आणि याची बदली थांबवा, जुनं दुसऱ्या कोणाला येतंय कुठे?"

मित्र फोन हातात धरून बसला. "मस्त अपग्रेड केलंस रे," एवढंच म्हणाला.



मी म्हणालो, "गधड्या, घरी इतक्यात काही सांगू नकोस. रेकॉर्डिंगमधली घरघर काढून मी नव्याला पहिल्यापासून शिकवतो. बाळ यायच्या आत तू घरी असशील, शब्द दिला."