नावाचं केळं

नवं यांत्रिक स्वयंपाकघर जेवणाऱ्याच्या हृदयाचे ठोके ऐकूनच ताट वाढत असे. फक्त ताट कुणाचं, ते नावानिशी सांगावं लागे. नवऱ्याला जन्मभर ‘अहो’ म्हणणाऱ्या अनसूयाबाई लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच पुटपुटल्या, “विश्वंभर.” पाटावर बसलेल्या विश्वंभररावांचा ठोका चुकला. स्वयंपाकघराला वाटलं, हृदय बिघडलं; आमटीत मीठ कमी पडलं, ताटात हृदयाला बरं म्हणून केळं आलं.

रोज तेच होऊ लागलं.

“असेच ठोके चुकले तर छातीत यंत्र बसवावं लागेल,” विश्वंभररावांना तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घाबरून अनसूयाबाईंनी ताटाचं नावच ‘अहो’ ठेवलं. ठोके सरळ झाले, केळं बंद झालं.

विश्वंभरराव आमटी भुरकत म्हणाले, “ताटाला ‘अहो’ चालेल. पण संध्याकाळी अंगणात एकदा नाव घेत जा. केळी मी आणून ठेवलीत.”