दहा मायक्रोग्रॅम

२०७१ साली मिरजेत ही गोष्ट घडली. सतारी घडवणाऱ्या दिगंबरचे पाचच दिवस उरले होते. ते जरा लांबावेत म्हणून डॉक्टर सरनाईकबाईंनी नवे इंजेक्शन घरी टोचायला दिले होते. एकदा दहा मायक्रोग्रॅम टोचले, की शेवटपर्यंत एक मिनिट दहा मिनिटांएवढे वाटे.

त्याच्या बायकोने, मालनने, चाळीस वर्षे दवाखान्यात औषधे मोजली होती, सगळी मिलिग्रॅममध्ये. हात सवयीने चालला. सुई टोचून ती पाणी आणायला गेली आणि मिनिटभरात परतली. दिगंबर दाराकडे टक लावून बसला होता.

“आलीस?” तो म्हणाला. “आठवडा झाला.”

“थट्टा पुरे,” ती म्हणाली, पण तिने डॉक्टरबाईंना बोलावून घेतले.

डॉक्टरबाईंनी रिकामी कुपी उचलून पाहिली. “मालनताई, किती भरलंत?”

“दहा मिलिग्रॅम.”

“मी मायक्रो म्हटलं होतं. हजारपट झालं हो. याला उतारा नाही.”

त्यानंतर मालन त्याच्या नजरेसमोरून हलली नाही.

डॉक्टरबाईंनी पुढे ते औषध कायमचे बंद केले. मालन मिरजेतच आहे. डोळा लागला की दचकून उठते. दिगंबर कॅलेंडरप्रमाणे पाच दिवसांनी गेला. त्याच्या लेखी एकशे सदतीस वर्षे झाली होती, आणि त्यातली कित्येक वर्षे समोर बसलेली बाई कोण, हे त्याला आठवत नव्हते.