अवेळी वाजलेला भोंगा

"मॅडम, आमचा कारखाना पडला माळावर. तुमचा तो हॅकर इथं येतोय कशाला?" साखर कारखान्याचे मुख्य अभियंता नलवडे चहा ओतत हसले. संगणकांची सुरक्षा तपासायला आलेली मृण्मयी सांगून थकली होती, की यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर जुनाट आहे आणि त्यातल्या फटीतून कुणीही बाहेरून आत शिरेल.

"मग शिरून दाखवा की!"

बॉयलरला हात लावायची तिची छाती होईना. कुणाला इजा नको म्हणून तिनं मोबाइलवरून त्या फटीतून शिरून नुसता भोंगा वाजवला.

पाळी सुटली समजून कामगार डबे उचलून फाटकाबाहेर पडले. गाळप थांबलं.

नलवडे फाटकाकडे धावले. "अरे, परत फिरा! चुकून वाजला!"

"भोंगा कधी चुकतोय व्हय, साहेब?" म्हणत लोक घराकडे चालतच राहिले.

नलवडे धापा टाकत परतले आणि खुर्चीत कोसळले. "मॅडम, ती फट आजच्या आज बुजवा!"

मृण्मयीनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला. तेवढ्यात नलवडे दार लोटून घेत हळूच म्हणाले, "नाहीतर उद्या दुपारी बुजवा. सकाळी चेअरमनसाहेबांचं भाषण आहे. दोन-दोन तास आवरत नाहीत ते."